हालॉनग्रॉत्तुर, स्वीडनच्या जॅमवाल्या बटर कुकीज : जॅम भाजण्याआधी की नंतर?

रुईचीपानं
नमस्कार मंडळी. डिसेंबरात आमच्या सोसायटीत ज्याने त्याने घरी भाजलेलं काहीतरी आणायचं ठरलंय आणि मी हालॉनग्रॉत्तुर करायच्या म्हणतेय. नाव वाचून दचकू नका, स्वीडनमधे घरोघरी होणारी अगदी साधी कुकी आहे, नावाचा अर्थ रास्पबेरीच्या गुहा. बटर, साखर, मैदा एकत्र करून छोटे गोळे वळायचे, मधे अंगठ्याने खळगा पाडायचा, त्यात जॅम घालायचा आणि भाजायचं. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मूळ पाककृतीतच अंडं नाही, त्यामुळे न खाणाऱ्यांसाठी वेगळा घाणा काढायला नको.

माझ्याकडचं प्रमाण असं आहे: २०० ग्रॅम बटर, १ डेसिलिटर साखर, साडेचार ते पाच डेसिलिटर मैदा, १ छोटा चमचा बेकिंग पावडर, २ छोटे चमचे व्हॅनिला साखर आणि साधारण १ डेसिलिटर रास्पबेरी जॅम. यात चोवीसेक होतात.

माझं मत जॅम आधीच भरून भाजावा असं आहे, भाजलेला जॅम जरा चिवट होतो आणि कुकीला धरून राहतो. पण आपल्याकडचे व्हिडिओ बघितले तर बरेच जण रिकाम्या कुकीज भाजतात आणि गार झाल्यावर वर जॅमचा ठिपका ठेवतात. ज्यांनी केल्यात त्यांनी सांगा, आधी की नंतर? आणि इथे मिळणारा कुठला जॅम ओव्हनमधे टिकतो?

खमंग
मी पयला! आधी जॅम, नंतर पण जॅम. माझं मत दोन्हीकडे मोजा.

चकलीचासाचा
तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं). वाखूसा (वाचनखूण साठवली). पण डेसिलिटर म्हणजे किती ते सांगा कुणीतरी, माझ्याकडे कप-चमचे आहेत, हे माप शाळेनंतर पहिल्यांदाच ऐकतेय.

उप्सालावासी
चकली, १ डेसिलिटर म्हणजे १०० मिली. इकडे स्वीडनमधे बेकिंगला बहुतेक घरांत वजनापेक्षा मापंच चालतात. डेसिलिटरचं माप, मोठा चमचा १५ मिलीचा, छोटा ५ मिलीचा आणि सगळ्यात चिमुकलं १ मिलीचं मसाल्याचं माप, चारही एका कडीत अडकवलेली मिळतात. मैदा सैल भरला तर १ डेसिलिटरला साधारण ६० ग्रॅम, साखर ९० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे रुईच्या प्रमाणात मैदा २७० ते ३०० ग्रॅम धरा. माप पिठाच्या डब्यात खुपसून भरू नका, पीठ दाबलं जातं आणि पाच मापांत मिळून एवढं जास्त येतं की कुकी कोरडी ठक्क होते. चमच्याने हलकं सोडायचं आणि वरून सुरीने सपाट करायचं.

आता मूळ प्रश्न. इकडे जॅम आधीच भरतात, त्यात वादच नाही. पण एक गोष्ट व्हिडिओत बघून कळत नाही, ती म्हणजे कागदाच्या वाट्या. स्वीडनमधे या कुकीज उघड्या ट्रेवर क्वचित ठेवतात, छोट्या मफिन पेपरमधे गोळा ठेवून त्यातच खळगा पाडतात. कागदामुळे बाजूला पसरायला जागाच राहत नाही, म्हणून पीठ मऊ असलं तरी चालतं आणि जॅम उतू गेला तरी कागदातच थांबतो. २०० अंशांवर मधल्या खणात १० ते १२ मिनिटं, किंवा १७५ वर १५ मिनिटं. माझा कल १७५ कडे आहे, जॅम शांतपणे शिजतो आणि कडा जेमतेम सोनेरी होतात. या कुकीज लालसर भाजायच्या नसतात, फिकटच काढायच्या. काढल्या काढल्या हात लावला तर भुगा होतो, ट्रेमधेच गार होऊ द्यायच्या.

साखरफुटाणा
माझं मत थोडं वेगळं. मी नंतर भरणाऱ्यांपैकी. भाजलेल्या जॅमचा रंग काळपट होतो, कडेला काचेसारखा कडक होतो आणि दाताला चिकटतो. रिकामी कुकी भाजायची, बाहेर काढल्यावर गरम असतानाच खळगा चमच्याच्या मागच्या बाजूने पुन्हा दाबायचा आणि जॅम पातेल्यात किंचित गरम करून ओतायचा. लालभडक, चकचकीत दिसतो. पाहुण्यांसमोर ठेवायच्या तर दिसायला पण हव्यात ना.

आणि खरं सांगायचं तर ही आपली जॅमवाली नानकटाईच आहे की.

उप्सालावासी
साखरफुटाणा, नानकटाई नाही हो. साखरेचं प्रमाण बघा, ३०० ग्रॅम मैद्याला ९० ग्रॅम साखर, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून कमी. कुकी स्वतः जवळजवळ अगोडच, सगळा गोडवा जॅममधून यायचा. नानकटाईत साखर बरीच जास्त पडते, वर तूप, वेलची, कधी बेसन, कधी रवा. खुसखुशीतपणा सारखा वाटतो पण चवीचा बेतच वेगळा आहे.

तुमच्या पद्धतीत दिसायला छान येतात हे मान्य. पण वरून ओतलेला जॅम ओला राहतो, कुकीज एकावर एक रचता येत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी खळग्याचा तळ मऊ पडलेला असतो. इकडे डबे भरून ठेवायची पद्धत आहे, तिथे ते चालत नाही.

भट्टीवाला
आमची बेकरी आहे, कोल्हापुरात, त्यामुळे जरा भट्टीच्या बाजूने सांगतो.

जॅम काळा पडतो, कडक होतो याचं कारण जॅम आधी घातला हे नाही, जॅम चुकीचा असतो किंवा जास्त भरलेला असतो. जॅममधे साखर भरपूर. ओव्हनमधे त्यातलं पाणी उकळून जातं, साखर घट्ट होत जाते आणि खळग्याच्या काठावरचा पातळ थर आधी करपतो. म्हणून काठोकाठ भरायचा नाही. खळगा दोन तृतीयांश भरला की थांबायचं, म्हणजे सपाट अर्धा छोटा चमचा. उकळला की तो फुगून वर येतो आणि गार झाला की खाली बसतो.

दुसरं म्हणजे पातळ जॅम. चमच्यातून ओघळणारा जॅम असेल तर आधी छोट्या कढईत मंद गॅसवर आटवून घ्या, थोडं लिंबू पिळा. फ्रीजमधल्या गार बशीवर थेंब टाकून बोटाने मधून रेघ ओढायची, रेघ उघडी राहिली की झाला. पूर्ण गार करूनच भरायचा. गरम जॅम कच्च्या पिठात घातला की खालचं बटर तिथेच वितळायला लागतं.

आता पसरण्याचं. आपल्या टेबल बटरमधे किमान ८० टक्के फॅट असतं, बाकी पाणी, मीठ आणि थोडे दुधाचे घनपदार्थ. आपल्याकडे स्वयंपाकघरात ३० अंश सहज असतं, तेवढ्यात बटर लोळायला लागतं. स्वीडनच्या थंडीत टेबलावर ठेवलेलं बटर जेमतेम मऊ होतं, त्यांची पाककृती त्या बटरसाठी लिहिलेली आहे. म्हणून इथे गोळे वळून, खळगे पाडून, जॅम भरून पूर्ण ट्रे अर्धा तास फ्रीजमधे ठेवायचा आणि ओव्हन नीट तापल्यावरच आत सरकवायचा. कोमट ओव्हनमधे घातलं तर काठ धरायच्या आधी बटर वितळतं, खळगा भरून येतो आणि जॅम बाहेर.

खळगा अंगठ्याने पाडताना काठाला चिरा जातात. गोळा तळहातावर गुळगुळीत वळलेला असला तर जात नाहीत. मी पोळपाटावरच्या छोट्या लाटण्याचं टोक मैद्यात बुडवून वापरतो, सगळे खळगे एकसारखे येतात. तळाला अर्धा सेंटिमीटर पीठ राहायलाच हवं, नाहीतर कुकी उचलताना जॅम कागदाला आणि कडा तुमच्या हातात.

चकलीचासाचा
भट्टीवाले दादा, हे वाचूनच अर्धं काम झाल्यासारखं वाटतंय. बटर खारट वापरायचं की बिनमिठाचं? आमच्याकडे नेहमीचं पिवळंच असतं घरात.

भट्टीवाला
ताई, स्वीडनमधे घरात साधारणपणे खारटच वापरतात, पण त्यांच्या बटरमधे मीठ दीड टक्क्याच्या आत. आपल्या पिवळ्यात त्याहून जास्त. पूर्ण २०० ग्रॅम पिवळं घातलं तर इतक्या कमी साखरेच्या कुकीत मीठ पुढे येतं. निम्मं पिवळं, निम्मं बिनमिठाचं घ्या, चवीला झकास लागतं. सगळं बिनमिठाचं असेल तर चिमूटभर मीठ घालाच.

मडगावची_मावशी
आमच्याकडे गोव्यात नाताळाला पेराद करतात, पेरूचा गर आणि साखर लिंबू घालून इतका आटवायचा की थापून वड्या पडतात. मी या कुकीजमधे जॅमऐवजी पेरादचा छोटा चौकोनी तुकडा ठेवते. ओव्हनमधे तो वितळून वाहत नाही, नुसता मऊ होऊन खळग्यात बसतो, करपत तर अजिबात नाही. भट्टीवाल्यांनी सांगितलेली आटवायची सगळी मेहनत पेरादमधे आधीच झालेली असते. एकदा करून बघा. बोलिन्यांच्या (आमच्या नारळाच्या कुकीजच्या) शेजारी ताटात ठेवल्या की मुलं आधी याच उचलतात.

रुईचीपानं
मावशी, पेराद! हे डोक्यातच आलं नव्हतं. आंबट कमी पडत नाही का पण? मला रास्पबेरीचा आंबटपणा हवाय, कुकी गोड नसली तरी बटर खूप आहे, त्याला काहीतरी तोडायला लागतं.

मडगावची_मावशी
लिंबाचा रस वाढव ग, एक किलो गराला दोन लिंबं जास्त पिळ. गुलाबी पेरू घेतलास तर रंग पण येईल.

सावंतवाडी_स्टँड
आंबट पाहिजे तर करवंदं. कच्च्या करवंदात पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळे जॅम फार न आटवताही घट्ट धरतो, वेगळं काही घालावं लागत नाही. पिकलेली काळी आणि कच्ची हिरवी-लाल अर्धी अर्धी घ्यायची, शिजवून चाळणीतून गाळायची म्हणजे बिया आणि चीक जातो. रंग असा गडद लाल येतो की रास्पबेरी बाजूला राहील. फक्त डिसेंबरात करवंदं कुठून आणायची हा प्रश्न, मे महिन्यात जॅम करून ठेवलेला असला तरच.

खमंग
म्हणजे स्वीडनची कुकी करायला आता मे महिन्यात सावंतवाडीला जायचं, डिसेंबरात मडगावला आणि मधे कोल्हापूरला भट्टीवाल्यांकडे. बेत छान आहे, मी येतो.

दापोडीकर
हा धागा बघून जुने दिवस आठवले. पुण्यात स्वीडिश कंपन्या पूर्वीपासून आहेत, दापोडीला अल्फा लावल आणि सँडविक, चिंचवडला एसकेएफ. मी यातल्याच एकीत नोकरी केली, कामानिमित्त स्वीडनला जाणं व्हायचं. तिकडे सकाळी आणि दुपारी कॉफीची सुट्टी ठरलेली, त्याला फीका म्हणतात. आपल्याकडे चहा टेबलावर येतो आणि काम चालूच राहतं. तिकडे तसं नाही, सगळे उठून एका खोलीत जाऊन बसणार, फॅक्टरीतला कामगार आणि साहेब एकाच टेबलावर, आणि कामाचं बोलणं शक्यतो नाही. शुक्रवारी कुणीतरी पाळीने घरून भाजून आणायचं. या रास्पबेरीवाल्या कुकीज तिथे हमखास असायच्या. माझ्या आठवणीत जॅम भाजलेलाच होता, वरचा थर किंचित सुरकुतलेला आणि खालचा मऊ.

रुई, माझं मत आधी.

साखरफुटाणा
काका, सुरकुतलेला जॅम तुम्हाला आवडला, मला नाही आवडत, एवढाच मुद्दा आहे माझा :)

उप्सालावासी
दापोडीकर काका, फीका अजून तसाच आहे.

थोडं विषयांतर करते. इकडे कुकीजच्या बाबतीत सात हा आकडा फार मानाचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघरी लोखंडी चुली आणि ओव्हन आले, साखर परवडायला लागली आणि बायका एकमेकींना कॉफीला बोलवू लागल्या. त्या बैठकीला सात प्रकारच्या कुकीज हव्यात असा दंडक पडला. सातहून कमी ठेवल्या तर घरधनीण कंजूष, जास्त ठेवल्या तर मिरवतेय. खायचा क्रमसुद्धा ठरलेला, आधी वेलचीचा गोड पाव, मग मऊ केक, मग सात कुकीज आणि शेवटी क्रीमचा मोठा केक. आजच्या पिढीत सात प्रकार कुणी करत बसत नाही, पण नाताळात डबे भरले की त्यात ही कुकी नक्की असते कारण करायला सोपी आणि लहान मुलांना खळगे पाडायचं काम देता येतं.

आणि ज्या कॉफीसाठी हे सगळं, तिच्यावर याच देशात १७५६ साली बंदी आली होती! अठराव्या शतकात आणि पुढेही काही वर्षं ती बंदी उठायची, पुन्हा लागायची. आता जगात दरडोई सगळ्यात जास्त कॉफी पिणाऱ्या देशांत स्वीडन आहे.

निळीशाई
वेलचीचा गोड पाव? वेलची स्वीडनमधे?

उप्सालावासी
हो तर, भरपूर. गोड पावात जाडसर कुटलेली वेलची घालतात, बेकरीत शिरलं की वासाने आपल्या घरी आल्यासारखं वाटतं. पण हालॉनग्रॉत्तामधे वेलची घालत नाहीत, तिथे व्हॅनिलाच.

निळीशाई
व्हॅनिला साखर इथे सहज मिळत नाही, इसेन्स चालेल का?

भट्टीवाला
चालेल. एक छोटा चमचा, बटर-साखर फेटतानाच घाला म्हणजे फॅटमधे वास धरतो. साखर मात्र बारीक वापरा. आपली जाड दाण्याची साखर एवढ्या कमी भाजण्यात विरघळत नाही, दाताखाली कचकच येते. मिक्सरला एकदा फिरवून घ्या.

योतेबोर्यकर
गोथेनबर्गहून लिहितोय. आमच्या ओळखीतल्या मराठी घरांमधे दिवाळीला शेजारच्या स्वीडिश लोकांना फराळाचा डबा देतो तेव्हा त्यात चकली, शंकरपाळ्यांबरोबर एका कोपऱ्यात या कुकीज पण घालतो. गंमत म्हणजे त्यांना आपल्या शंकरपाळ्या जास्त आवडतात आणि आमची मुलं यांच्याच कुकीज शोधत असतात.

रास्पबेरीबद्दल. इथे जुलै-ऑगस्टमधे जंगलात रानटी रास्पबेरी मिळतात, जिथे झाडं तोडून जागा मोकळी झालेली असते तिथे सगळ्यात जास्त. इथल्या कायद्यात प्रत्येकाला रानात फिरायचा, फळं वेचायचा हक्क आहे, जागा दुसऱ्याच्या मालकीची असली तरी, फक्त कुणाच्या अंगणात किंवा शेतात शिरायचं नाही. डबे घेऊन लोक कुटुंबासकट निघतात. आणलेली फळं आम्ही आधी पांढऱ्या कापडावर पातळ पसरून तासभर ठेवतो. रानटी रास्पबेरीत एका भुंग्याची बारीक पिवळसर अळी असते, ती हळूहळू फळाच्या पोकळीतून बाहेर येऊन कापडावर चालायला लागते, मग वेचून टाकायची. पाण्यात धुतली तर फळ फुटतं आणि जॅमला पाणी सुटतं ते वेगळंच.

जॅमसाठी फळाच्या वजनाच्या साधारण निम्मी साखर घालतो. त्यामुळे आंबट राहतो आणि फ्रीजमधेच ठेवावा लागतो. रास्पबेरी आणि ब्लूबेरी मिसळून केलेल्या जॅमला इथे राणीचा जॅम म्हणतात, तो पण या कुकीत सुंदर लागतो.

चकलीचासाचा
अळीचं वाचून मी जॅम विकतच आणायचं ठरवलंय.

खमंग
चकली, +१.

निळीशाई
नवी मुंबईला आयकियामधे लिंगॉनचा (तिकडच्या लाल आंबट बेरीचा) जॅम मिळतो ना, तो चालेल का? स्वीडनचाच आहे म्हणून विचारतेय.

योतेबोर्यकर
चवीला चालेल पण तो पातळ असतो आणि थोडा कडसर. मांसाच्या गोळ्यांबरोबर, बटाट्याबरोबर खायचा. या कुकीत घालायचा असेल तर भट्टीवाल्यांनी सांगितलं तसा आटवून घ्या आणि चमचाभर साखर वाढवा.

महाबळेश्वरी
रास्पबेरीसाठी परदेशात कशाला जायचं, पाचगणी-महाबळेश्वरला रास्पबेरी जॅमच्या बाटल्या दुकानोदुकानी मिळतात. एकच सांगते, तिथे जॅमच्या शेजारीच क्रशच्या बाटल्या असतात, त्या उचलू नका. क्रश सरबतासाठी, त्यात धरून ठेवण्यासारखं काही नसतं, ओव्हनमधे सरळ पाणी होतं. आणि रास्पबेरी नसेल तर स्ट्रॉबेरीचा जॅम घ्या पण त्यातली अख्खी फळं काट्याने चेचून घ्या, नाहीतर एका खळग्यात फळ आणि दुसऱ्यात नुसता पाक. थोडं लिंबू हवंच, स्ट्रॉबेरी एकटी फार गोड पडते.

शिळोप्याची
इथे कुणी तूप वापरून केल्यात का? माझ्याकडे घरचं साजूक तूप खूप साठलंय.

भट्टीवाला
होतात, पण सरळ अदलाबदल करू नका. तुपात पाणी नाही, सगळं फॅटच. २०० ग्रॅम बटरमधलं फॅट साधारण १६० ग्रॅम, म्हणून १६० ग्रॅम तूप घ्या आणि उरलेल्या पाण्याच्या जागी दोन मोठे चमचे दूध. तूप पातळ नको, रवाळ घट्ट हवं, साखरेबरोबर पांढरं होईपर्यंत फेटायचं. मीठ चिमूटभर. मग मात्र साखरफुटाणा म्हणतात ते खरं होतं, चव नानकटाईकडे जाते.

साखरफुटाणा
बघा, अर्धा विजय :)

उप्सालावासी
मान्य, तुपातली नानकटाई. बटरमधली मात्र आमचीच :)

अजून एक, ज्यांना अगदी तोंडात विरघळणारी हवी त्यांच्यासाठी. इकडे काही जण पाचपैकी एक डेसिलिटर मैदा काढून तेवढंच बटाट्याचं स्टार्च घालतात. इथे ते प्रत्येक दुकानात मिळतं, तिकडे नसेल तर कॉर्नफ्लोअर. मैद्यातलं ग्लुटेन कमी होतं आणि कुकी जास्त ठिसूळ होते. त्याच कारणासाठी मैदा घातल्यावर पीठ मळायचं नाही, नुसतं गोळा होईपर्यंत एकत्र करायचं. पोळीच्या कणकेसारखं मळलं तर कुकी चिवट होते, मग जॅम कितीही चांगला असू दे.

शिळोप्याची
धन्यवाद दोघांना. आणि ही गोळे वळायची खटपट टाळायची असेल तर?

योतेबोर्यकर
तर मग जॅमवाले काप करा. तेच पीठ, त्याचे ट्रेच्या लांबीचे बोटभर जाड लांब रोल करायचे, मधून बोटाने लांब चर पाडायची, त्यात जॅमची रेघ. भाजून बाहेर काढलं की गरम असतानाच तिरके काप. गार झाल्यावर पिठीसाखरेत अगदी थोडं पाणी घालून वरून बारीक रेघा ओढतात. सोसायटीसाठी मोठ्या संख्येने करायच्या असतील तर हा प्रकार वेळ वाचवतो.

रुईचीपानं
मंडळी, कार्यक्रम काल झाला, म्हणून परत येऊन लिहितेय. आधी सगळ्यांना मनापासून धन्यवाद.

मी शेवटी बटर निम्मं पिवळं निम्मं पांढरं घेतलं, साखर मिक्सरला फिरवली, चारास एक कॉर्नफ्लोअर. जॅम पाचगणीचा रास्पबेरीचा, लिंबू घालून आटवलेला. चॉकलेटच्या छोट्या कागदी वाट्या बेकिंगच्या दुकानात मिळाल्या त्यात गोळे ठेवले. निम्म्यांत जॅम आधी भरला, निम्म्या साखरफुटाणाच्या पद्धतीने नंतर भरल्या, आणि मावशींसाठी एका ओळीत पेराद. पेराद आमच्या वरच्या मजल्यावरच्या गोव्याच्या काकूंकडून मिळालं, त्यांना कशासाठी ते सांगितल्यावर डबाच दिला.

दिसायला नंतरच्या सुरेख, हे साखरफुटाणा म्हणतात ते शंभर टक्के खरं, फोटो सगळ्यांनी त्यांचेच काढले. पण खाताना फरक कळतो. आधी भरलेल्यात जॅम आणि कुकी यांच्या मधे एक पातळ थर तयार होतो, जिथे जॅम बटरच्या पिठात थोडासा मुरलेला असतो, लालसर, किंचित चिवट, आणि तोच घास सगळ्यात चांगला लागतो. नंतर भरलेल्यात तो थर नाही, जॅम वेगळा आणि कुकी वेगळी खाल्ल्यासारखं वाटतं. उरलेल्या आज सकाळी बघितल्या, आधीच्या कालच्यासारख्याच कोरड्या आणि खुसखुशीत आहेत, नंतरच्यांचा तळ ओलसर झालाय. त्यामुळे माझं मत आधी होतं तेच, आणि आता ते कशामुळे हे पण सांगता येतं.

पेराद मात्र सगळ्यात आधी संपलं. मावशी, रंग थोडा तपकिरी होतो पण चव अप्रतिम, पेरूचा वास गरम झाल्यावर जास्त येतो.

मडगावची_मावशी
देव बरें करूं, बाय. त्या काकूंना माझा नमस्कार सांग.

साखरफुटाणा
रुई, छान सविस्तर लिहिलंस. त्याच दिवशी लगेच खायच्या असतील तर मी माझीच पद्धत चालू ठेवणार, पण डब्यात भरून पाठवायच्या तर आधी, हे पटलं. तो मुरलेल्या थराचा मुद्दा विशेष, एकदा तुझ्यासारख्या दोन्ही शेजारी ठेवून खाऊन बघते.

खमंग
फोटो कुठेत? पेरादवाल्यांचा तरी टाका.

रुईचीपानं
संपल्यावर काय फोटो काढू :) पुढच्या वेळी.

शिळोप्याची
माझ्याकडे ओटीजी नाही, मायक्रोवेव्हचा कन्व्हेक्शन मोड आहे. त्यात होतील का? आणि डब्यात किती दिवस टिकतात?

भट्टीवाला
होतील ताई. पंखा चालू असतो म्हणून तापमान २० अंशांनी कमी धरा, १७५ च्या जागी १५५-१६०. बहुतेक मशीनला १० अंशांचेच टप्पे असतात, १६० लावा. प्रीहीटची घंटी वाजल्यावर अजून पाच मिनिटं रिकामं चालू द्या, घंटी जरा लवकर वाजते. ट्रे खालच्या जाळीवर आणि अर्ध्या वेळेने फिरवून घ्या, मागची ओळ आधी रंगते. पहिल्यांदा चारच कुकीज घालून वेळ बघा, तेरा-चौदा मिनिटांत व्हाव्यात.

टिकायचं म्हणाल तर घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर आरामात, मधे बटर पेपरचे थर घालून. कोकणात किंवा मुंबईत दमट हवेमुळे तीन-चार दिवसांत मऊ पडतात, तिथे सरळ फ्रीझरमधे ठेवा, बाहेर काढल्यावर अर्ध्या तासात खाता येतात. मऊ पडल्याच तर १५० वर पाच मिनिटं पुन्हा गरम करून गार करा, परत खुसखुशीत होतात.

उप्सालावासी
फ्रीझरचं अगदी बरोबर. इकडे बऱ्याच घरांत डबा फ्रीझरमधेच असतो, कुणी आलं की हव्या तेवढ्या काढायच्या. कच्चे गोळे जॅमसकट पण गोठवता येतात, मग भाजताना दोन मिनिटं जास्त द्या.

चकलीचासाचा
कच्चे गोळे गोठवायचं आवडलं. उद्या बटर आणते. उप्साला ताई, कागदी वाटीचा व्यास किती घ्यायचा? दुकानात तीन आकार दिसताहेत.

उप्सालावासी
तळ साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास असलेली घे, गोळा मोठ्या लिंबाच्या निम्म्याएवढा, साधारण २५ ग्रॅमचा. सगळ्यात छोटी चॉकलेटची वाटी मिळाली तर गोळा १५ ग्रॅमचा कर आणि दोन-तीन मिनिटं आधी काढ.